तात्पर्यावर ठेवलेला तळहात

नाशिकचा बुधवारचा बाजार, गाडगे महाराज पुलाजवळच्या पायऱ्या. भाजीचं ओझं खाली ठेवून एक आजी आणि तिचा नातू टेकले होते. पिशवीतून मेथीची जुडी आणि मुळ्यांचे शेंडे डोकावत होते, शेजारी कागदात बांधलेले शेव-मुरमुरे होते आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून एक पातळ पुस्तक पसरलेलं होतं. दोन पिना मारलेलं, गुळगुळीत कव्हराचं, तिथल्याच एखाद्या पथारीवरून घेतलेलं. कव्हरावरच्या करकोच्याला दोन चोची दिसत होत्या, कारण छापताना लाल रंगाची प्लेट मिलिमीटरभर सरकली होती. आजी वाचत होती. कोल्ह्यानं करकोच्याला जेवायला बोलावलं, पसरट बशीत पातळ खीर वाढली, स्वतः लपालपा चाटून संपवली. करकोच्याच्या चोचीचं टोक काय ते ओलं झालं. मग करकोच्यानं कोल्ह्याला बोलावलं आणि निमुळत्या गळ्याच्या सुरईत खीर वाढली. नातू दुसरी-तिसरीतला असेल. कोल्हा सुरईचा गळा बाहेरूनच चाटतो हे ऐकताना त्यानं स्वतःची जीभ बाहेर काढून हवेत फिरवून पाहिली. गोष्ट संपली. आजीचं बोट पानाच्या तळाशी असलेल्या पिवळ्या चौकटीकडे सरकलं आणि ती म्हणाली, ‘तात्पर्य...’ पोरानं तिखट लागलेला पंजा पसरून पूर्ण चौकट झाकून टाकली. ‘ते नको, आजी.’ ‘अरे सोन्या, तात्पर्य वाचल्याशिवाय गोष्ट पुरी होते का?’ ‘झाली की पुरी. त्याला नाहीच मिळाली खीर.’

चौकटीत दोनच शब्द होते. जशास तसे.

मुलांची पुस्तकं ज्यांना प्रिय आहेत त्यांना तो पंजा सहजासहजी विसरता येणार नाही. आपल्याकडे गोष्टीनंतर तात्पर्य हे आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं ठरलेलं आहे. जाड टाइपात, कधी चौकटीत, कधी उलट्या रंगात. गोष्ट ऐकणाऱ्याची आणि तात्पर्य सांगणाऱ्याचं, अशी वाटणीच झालेली. शब्दाचं मूळ पाहिलं तर ते खरंही आहे. न्यायशास्त्रात तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, बोलणाऱ्याला आपल्या वाक्यातून जे पोहोचवायचं असतं ते. उपदेश हा निराळा शब्द आहे. ‘मॉरल’साठी मराठीनं ‘उपदेश’ न घेता ‘तात्पर्य’ घेतला ही निवड फार सुरेख आहे, पण त्यातच एक कबुलीही आहे, की ही ओळ सांगणाऱ्याची आहे. गंमत म्हणजे जुन्या ग्रीक-लॅटिन संग्रहांत ही ओळ नेहमी शेवटी नसे. कितीदा ती गोष्टीच्या डोक्यावर असे, कारण ते संग्रह मुलांसाठी नव्हतेच. भाषण करणाऱ्याला वेळेवर हवा तो दाखला सापडावा म्हणून विषय वर लिहिलेला, दुकानातल्या डब्याला चिठ्ठी लावावी तसा. कोल्हा-करकोच्याचीच गोष्ट पहिल्या शतकात फीड्रसनं लॅटिन पद्यात सांगितली तेव्हा सुरुवातीच्या दोन ओळींत त्यानं बोध सांगून टाकला : कुणालाही इजा करू नये, पण कुणी केलीच तर त्याला त्याच मापानं शिक्षा व्हावी. आणि शेवटी, कोल्हा बाटलीची मान चाटत बसलेला असताना, पक्षी स्वतः म्हणतो की आपणच घालून दिलेला कित्ता आपल्यावर गिरवला गेला तर निमूट सोसावा. म्हणजे एका गोष्टीला दोन बोध. एक कवीचा, एक पात्राचा. पिढ्यान्‌पिढ्या हातांमधून फिरता फिरता त्यातलं ‘कुणालाही इजा करू नये’ हे पहिलं अर्धं वाक्य गळून पडलं आणि पिवळ्या चौकटीत फक्त ‘जशास तसे’ उरलं. त्या पोरानं झाकलं ते असं अर्धंमुर्धं उरलेलं वाक्य होतं.

पंचतंत्रात बोधाची जागा आणखी वेगळी आहे. महिलारोप्याच्या अमरशक्ती राजाचे तीन मठ्ठ मुलगे सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करून देण्याची विष्णुशर्म्याची प्रतिज्ञा आपल्याला पाठ असते, पण त्या पुस्तकाची खरी युक्ती एका शब्दात आहे : ‘कथमेतत्?’ एक प्राणी संकटात सापडलेल्या दुसऱ्याला एक श्लोक ऐकवतो. त्या श्लोकात बोध असतो आणि कुठल्यातरी न सांगितलेल्या गोष्टीचा ओझरता उल्लेखही असतो, की अमक्यानं असं केलं आणि त्याचं तमकं झालं. ऐकणारा विचारतो, ‘ते कसं काय?’ आणि गोष्ट सुरू होते. बोध आधी, पण अर्धवट, खुंटीला टांगलेला. तो पुरा कळायचा तर गोष्ट ऐकावीच लागते. इथे बोधानं गोष्टीची भूक लावली आहे. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये तिसरीच तऱ्हा. आटपाट नगरापासून सुरू झालेली कहाणी ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ या ओळीवर येते तेव्हा ती ओळ कुणी झाकत नाही, कारण ती कानांनी आधीच ओळखलेली असते. तिला ताल आहे, तिच्यात उतणाऱ्या दुधाचा वास आहे. ऐकणारी पोरं ती ओळ सांगणारीच्या आधी म्हणून मोकळी होतात. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की हातातल्या अक्षता टाकायच्या असतात. बोधाला आवाज दिला, हाताला काम दिलं, की तो गोष्टीपासून सुटा पडत नाही. पातळ पुस्तकाच्या पानावर मात्र तो एकटाच चौकटीत उभा असतो.

छापील पुस्तकात करमणूक आणि शिकवण एकत्र बांधायचा एक गाजलेला प्रयत्न लंडनमध्ये १७४४ साली झाला. जॉन न्यूबेरी या प्रकाशकानं मुलांसाठी खिशात मावेल असं पुस्तक काढलं, ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’. नुसतं पुस्तक सहा पेन्सला, आणि दोन पेन्स जास्त दिले तर मुलग्याला चेंडू किंवा मुलीला टाचण्या खोचायची छोटी उशी. चेंडूची एक बाजू लाल, दुसरी काळी. बरोबर राक्षसमाऱ्या जॅकचं पत्र : चांगलं वागलास की लाल बाजूला टाचणी खोच, वाईट वागलास की काळ्या. दहाही टाचण्या लाल बाजूला आल्या तर मी पेनी पाठवीन, सगळ्या काळ्या बाजूला गेल्या तर छडी. कागदावर ही योजना बिनतोड दिसते. हातात घेतली की तिचं दुखणं कळतं. टाचण्या खोचलेला चेंडू फेकता येत नाही, झेलता येत नाही. मुलगा जितका गुणी, तितका चेंडू खेळायला निरुपयोगी. पुन्हा टाचणी कोण खोचणार, हा प्रश्न राहतोच. आईनं खोचली तर तो हिशेब झाला, मुलानं खोचली तर मोह. पुस्तकाच्या आतही शिवण तशीच उघडी. एका पानावर बेस-बॉलचा खेळ, एक ठोकळा-चित्र, खाली चार लहान ओळी : चेंडू टोलावला, मुलगा पुढच्या खुंटाकडे सुसाट निघाला आणि आनंदानं घरी परतला. छापील इंग्रजीत या खेळाचं नाव पहिल्यांदा आलं ते इथे. आणि त्याखाली बोध : असेच ब्रिटिश लोक पैशासाठी समुद्र ओलांडून जातात आणि सुखानं परत येतात. धावणाऱ्या मुलाचा आणि व्यापारी गलबताचा संबंध जुळवायला ‘परत येणं’ या एका दोऱ्यापलीकडे काही नाही. तरीही हे पुस्तक खपलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही. मुलांनी ती अक्षरशः वाचून संपवली, चघळली, फाडली असणार. यापेक्षा मोठी पावती मुलांच्या पुस्तकाला मिळत नसते.

मुलांनी बोधासाठी ते पुस्तक फाडेपर्यंत वाचलं नसावं, एवढं मात्र खात्रीनं म्हणता येतं.

मराठीत ही वाट कशी आली ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. जर्मन मुलांच्या एका नियतकालिकावरून बराचसा ऐवज उचलून आर्नो बेर्कां या फ्रेंच लेखकानं १७८२-८३ मध्ये ‘मुलांचा मित्र’ अशा अर्थाच्या नावाचं मासिक चालवलं. त्याचं इंग्रजी झालं. आणि त्यावरून सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली मुंबईत ‘बाळमित्र’ सिद्ध केलं. अर्ध्या शतकात चार भाषा. त्याच वर्षी त्यांची ‘इसपनीतिकथा’ही आली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ नावानं मराठीत छापल्या गेल्या होत्या. या नावांवर जरा थांबावं. मोत्यांची माळ, पण बालबोधाची. इसापाच्या ‘कथा’, पण मधे ‘नीति’ खोवलेली. ती इतकी घट्ट बसली की आज आपण गोष्टींना सरळ ‘इसापनीती’ म्हणतो, गोष्ट हा शब्दच उडून गेला. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक सुरू झालं आणि ते १९१४ पर्यंत, त्यांच्या अखेरीपर्यंत, चाललं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, सगळं एकहाती. मग १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी पुण्यात मासिक काढलं त्याचं नाव ठेवलं ‘आनंद’. नीतीपासून आनंदापर्यंतचं अंतर नुसत्या मुखपृष्ठांवर वाचता येतं. पण मन अडकतं ते ख्रिस्ती मिशनच्या मासिकाच्या नावावर : ‘बालबोधमेवा’. बोधही तिथेच, मेवाही तिथेच, एकाच शब्दात. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मुलांसाठीच्या कविता या मासिकात येत. टिळकांचं शिक्षण नाशिकचं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठचं जलालपूर, त्यामुळे ‘बालबोधमेवा’ हा शब्द नाशिकमध्ये उच्चारताना जवळचा वाटतो. मेव्याच्या पुडीत बेदाणे, खारका, बदाम वेगळे दिसतात आणि तरी मूठ भरली की एकत्रच येतात. मुलं त्यातून आधी बेदाणे वेचतात, खारका उरतात. ओकांपासून आपट्यांपर्यंत सगळ्यांचा झगडा या खारकांशी होता.

बोध शब्दांत न सांगता कागदाच्या घडीत ठेवायचा, असा विचार करणारेही लोक होते, आणि ते मनाला फार भिडतात. लंडनमध्येच १८१० साली एस. अँड जे. फुलर यांनी ‘लिटल फॅनी’ची गोष्ट विकायला काढली. पुस्तकाबरोबर कागदात कापलेली सात शरीरं, प्रत्येकाचा पोशाख वेगळा, आणि डोकं मात्र एकच. डोक्याच्या मानेखाली कागदाची जीभ, शरीराच्या पाठीवर चिकटवलेली छोटी खोबण. गोष्ट पुढे सरकली की मुलीनं डोकं उपसून पुढच्या पोशाखात खोचायचं. नटव्या फॅनीचे कपडे चोरीला जातात, ती भीक मागते, टोपली घेऊन मासळी विकते, निरोप पोहोचवते आणि शेवटी साध्या झग्यात, हातात पुस्तक घेऊन घरी येते. एकच चेहरा सात अवस्थांतून जातो, आणि तो नेणारा हात वाचणारीचाच असतो. दोष यातही आहे. पहिला, सर्वांत भारी झगा घातलेली फॅनीच खेळायला सर्वांत छान, आणि मुली तिथेच रमणार हे उघड आहे. शिवाय मानेची जीभ प्रत्येक वेळी एकाच रेषेत दुमडते, तिथे कागद आधी पांढरा पडतो, मग सुटतो. डोकं हरवलं की सातही फॅन्या बाद. याहून जुनी तऱ्हा झडपांच्या पुस्तकाची. १६५० सालचं एक इंग्रजी झडपपत्र माणसाचा आरंभ, वाटचाल आणि अंत दाखवतं. एक झडप उचलली की आदमाची ईव्ह होते, आणखी उचलली की जलपरी, आणि शेवटच्या घरात द्रव्य जमवणाऱ्या माणसाच्या जागी सांगाडा उभा राहतो. पुढे १७६५ च्या सुमारास रॉबर्ट सेयर या प्रकाशकानं त्याच रचनेत नाटकातल्या हार्लेक्विन या विदूषकाच्या गोष्टी घातल्या. चार उभी घरं, प्रत्येकाला वरून एक आणि खालून एक झडप, आणि प्रत्येक कवितेच्या शेवटी आता कुठली झडप उचलायची याची सूचना. साधी प्रत सहा पेन्सला, रंगवलेली एक शिलिंगला.

हे झडपांचं पुस्तक घरात, शाळेत, वाचनालयाच्या सुटीतल्या वर्गात करता येतं, आणि करून पाहावं. ड्रॉइंगचा पूर्ण कागद ५६ बाय ७१ सेंटिमीटर असतो. त्यातून २८ सेंटिमीटरचे चार चौरस निघतात आणि १५ सेंटिमीटरची पट्टी उरते, ती जपून ठेवावी. कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्यावा. पातळ असला तर आतलं चित्र बाहेर दिसतं आणि सगळं गुपित फुटतं. २०० च्या वर गेला तर घडी बसत नाही, झडप आपोआप उभी राहते. चौरसाची वरची सात सेंटिमीटर खाली आणि खालची सात वर दुमडली की दोन्ही कडा बरोबर मध्यरेषेवर भेटतात. या दोन आडव्या घड्या म्हणजे झडपांची बिजागरी. सर्वांत जास्त ताण त्यांच्यावर, म्हणून कागदाचा धागा या घड्यांच्या दिशेनं जाणारा हवा. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला तर ज्या बाजूला तो बिनतक्रार वाकतो ती धाग्याची घडी. धाग्याविरुद्ध घडी घातली तर पंधरा-वीस उघडझापींत तिला भेगा पडतात. आता उभ्या तीन घड्या, सात-सात सेंटिमीटरवर, एक पुढे एक मागे, पंख्यासारख्या. या धाग्याला आडव्या जातात म्हणून आधी शाई संपलेल्या रिफिलनं पट्टी लावून रेघ दाबून घ्यायची. मग झडपा सुट्या करायच्या : उभ्या घडीवरून कात्री चालवायची, पण बिजागरीच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. कात्री घडी ओलांडून गेली की पाठचा कागद फाटतो आणि चौरस वाया जातो. प्रत्येक झडपेची मध्यरेषेकडची कड आणि दोन्ही बाजू एक-एक मिलिमीटर छाटाव्यात. हे बहुतेक जण विसरतात. मग वरची झडप खालचीवर चढते आणि चित्राचा सांधा हुकतो. दोन पट्ट्या वेगळ्या चिकटवून झडपा केल्या तर पांढरा गोंद बिजागरीत सुकून ताठ होतो. मैद्याची खळ मऊ राहते. फक्त बांधणीवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो मुलांच्या कामात घालायचा नाही, विष आहे तो.

आणि आता कोल्हा आणि करकोचा. या गोष्टीला चार घरं लागतच नाहीत. एकाच घरात, दोन झडपांत ती पूर्ण मावते. झडपा उघड्या ठेवून आधी आतलं चित्र काढायचं : वरच्या अर्ध्यात कोल्ह्याचं डोकं, खालच्या अर्ध्यात सुरई. मग झडपा मिटून बाहेरचं : वरच्या झडपेवर करकोच्याचं डोकं, खालच्या झडपेवर बशी. सगळी कळ मध्यरेषेवर आहे. सात सेंटिमीटरच्या घरात मध्यबिंदू साडेतीनवर, आतबाहेर दोन्हीकडे पेन्सिलीची खूण. त्या खुणेवर करकोच्याची चोच पाच मिलिमीटर रुंद, कोल्ह्याचं तोंड पंचवीस, सुरईचं तोंड आठ आणि बशी पंचावन्न. ही मापं चुकली की गोष्ट खोटी पडते. सुरईचं तोंड वीस मिलिमीटर केलं तर मुलं म्हणतात, जीभ जाईल की त्याची आत, आणि त्यांचं बरोबर असतं. झडपा मिटलेल्या असतात तेव्हा करकोचा बशीपुढे उपाशी. वरची उचलली की कोल्हा बशीपुढे, तृप्त. ती मिटून खालची उघडली की करकोचा सुरईपुढे, तृप्त. दोन्ही उघडल्या की कोल्हा सुरईपुढे उपाशी. चार चित्रं, दोन भरली पोटं, दोन रिकामी. कुठल्या क्रमानं उघडायचं हे लिहू नये. मुलं थोड्याच वेळात चारही जोड्या शोधतात आणि मग एक जोडी निवडून तिच्यावर थांबतात. बहुतेक वेळा दोघांना सुखी करणारी पाचवी जोडी शोधायचा खटाटोप सुरू होतो. झडप अर्धीच उचलून धरतात, कोल्ह्याचा कान आणि करकोच्याची चोच एकत्र दिसते, खाली बशीची कड आणि सुरईचा पाय. ती जोडी या रचनेत नाहीच. नाही हे कळल्यावर ज्या मुलाला वाईट वाटतं, त्याला फीड्रसच्या बोधाचं गळून पडलेलं अर्धं वाक्य सांगायची गरज उरत नाही. उरलेली १५ सेंटिमीटरची पट्टी इथे कामी येते. काही मुलं त्यातून दुसरी बशी कापतात.

मग तात्पर्य लिहूच नये का, हा प्रश्न इतका सोपा नाही. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीला कुणी तात्पर्याची चौकट लावली नाही, म्हणून ती निरागस राहिली असं म्हणता येत नाही. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत दार ठोठावतो, आणि मेणाच्या घरातली चिमणी बाळाला अंघोळ घालते, तीट लावते, झोपवते, एकेक निमित्त काढत त्याला बाहेर ठेवते. काही घरांत तर शेवटी ती त्याला तापल्या तव्यावर बसवते. ही गोष्ट आपण घास भरवताना सांगत आलो आणि तिनं न बोलता काय शिकवलं हे तपासलं नाही. तिच्याखाली एक ओळ असती तर निदान भांडता आलं असतं. छापलेलं तात्पर्य प्रामाणिक असतं, ते आपला हेतू लपवत नाही. पण ते त्या गोष्टीचंच असायला हवं. पुस्तक विकत घेण्याआधी एक साधी कसोटी लावावी : दोन गोष्टींची तात्पर्यं आपसांत बदलून वाचावीत. ‘नेहमी चांगले वागावे’ हे वाक्य दहाही गोष्टींखाली बिनदिक्कत बसतं, याचा अर्थ ते एकीचंही नाही. कावळा, माठ आणि खडे यांच्याखालची ओळ लांडग्याच्या गोष्टीखाली बसली नाही, तर ती लिहिणाऱ्यानं गोष्ट नीट वाचली आहे. दुसरं, चौकट रंगीत नसावी आणि टाइप गोष्टीच्या टाइपापेक्षा जाड नसावा. आवाज चढवून सांगितलेलं मूल ऐकत नाही, हे घरात माहीत असलेले लोक छापखान्यात गेल्यावर विसरतात. तिसरं, मोठ्यानं वाचणाऱ्यानं गोष्ट आणि तात्पर्य यांच्यामध्ये एक श्वास थांबावं. कोल्ह्याची जीभ सुरईवरून फिरायला तेवढा वेळ लागतो.

पायऱ्यांवरच्या त्या आजींनी हट्ट केला नाही. ‘बरं, राहू दे तुझं,’ म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकानं पुसायला घेतला. बाजार उठायला आला होता, कुणीतरी उरलेली कोथिंबीर दहाला दोन जुड्या म्हणून ओरडत होतं, पुलावरून रिक्षांचा आवाज येत होता. पोराचा पंजा अजून चौकटीवरच होता. आजींचं लक्ष काचांकडे आहे हे त्यानं एकदा पाहून घेतलं. मग मान वाकवून, नाक जवळजवळ कागदाला टेकवून, त्यानं आधी करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तळहात न हलवता तो एकेक अक्षर उघडून वाचत होता.